पल्याडचं लाकूड

आमच्या काकीला जाळायला आमच्या गावात लाकूड मिळालं नाही. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितोय, कारण गावात ते कुणी मोठ्यानं म्हणत नाही. कडावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याचं आमचं गाव. पावसाळ्यात भिंतीतूनसुद्धा पिंपळ उगवतो असा हिरवा मुलूख. आणि तिथं एका म्हातारीपुरतं कोरडं लाकूड नाही. याचा मला राग आहे. तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मला जेवायला घालणं, न्हाऊ घालणं आणि वेळप्रसंगी पाठीत धपाटा घालणं ही सगळी कामं काकीनंच केली. तिचा मुलगा आणि मी एका ताटात जेवलो. तो पुढं साजगावला एका कंपनीत लागला आणि मी खालापूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. बंद पडलेले पंप, पंखे, मिक्सर खोलायचे, जळालेली तार काढायची, नवी भरायची, असा माझा धंदा. दोघंही राहायला गावातच, रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्याच्या पलीकडं स्मशान. स्मशानाला लागून झाडं होती. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबे, आणि एका कडेला काकडाचं मोठं झाड. या झाडांना गावात वेगळं नाव नव्हतं. नुसतं 'पल्याड' म्हणायचे. पल्याडचं लाकूड कशासाठी, हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असायचं, आणि ते तोंडानं कुणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याच्या घरी त्या लाकडाची गरज आधी लागणार, असा पक्का समज. माणूस गेल्यावर लाकूड आणायला निघालेला गडीसुद्धा एवढंच म्हणायचा, "मी जरा पल्याड जाऊन येतो."

पल्याडचा नियम सोपा होता. खायचं ते आणा, जाळायचं ते आणू नका. जांभळं खाऊन जिभा निळ्या करा, आंबे पाडा, झाडाखाली गुरं बसवा, कुणी काही म्हणणार नाही. पण वाळकी काटकीसुद्धा घरच्या चुलीत जाता कामा नये. चैत्रात, शेतीच्या कामांना तोंड लागायच्या आधी, गावातले पुरुष कुऱ्हाडी घेऊन जायचे आणि झाडं वरून छाटायचे. बुंध्याला हात नाही. वरून छाटलं की ऐनाला पुन्हा फुटवे येतात, काही वर्षांत झाड होतं तसं होतं, आणि एक झाड कितीतरी माणसांना पुरतं. छाटलेलं लाकूड फोडून तिथंच एका पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवायचं, म्हणजे पावसाळाभर कोरडं राहायचं. आणि ज्या घरचं माणूस गेलं त्या घरानं पुढच्या आषाढात तिथं एक रोप लावायचं. यात भक्ती वगैरे काही नव्हती. आज आपण घेतलं, उद्या दुसऱ्याला लागेल, इतका सरळ हिशेब. हल्ली झाडं लावायच्या कार्यक्रमाला मंडप लागतो, हार लागतात, फोटोवाला लागतो. आमच्या गावात झाड लावायला फक्त सुतक सरलेलं असावं लागायचं.

काकी नवी नवरी होऊन आली ती खालापूरकडच्या गावातून. तिकडं असलं काही नव्हतं. आल्या आल्या ती ओढ्यावर धुणं धुवायला गेली आणि येताना पल्याडची चांगली वाळलेली फांदी डोक्यावर घेऊन आली. सासूला खूश करायचं होतं. फांदी चुलीत घातली, वर भात चढवला. सासू गोठ्यातून आली, तिनं लाकूड ओळखलं आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. मग त्या अर्धवट जळालेल्या फांदीसकट नवरीला परत ओढ्यापार धाडलं. काकी हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. "सारा गाव बघत होता रं, आनि मी ते धुराचं लाकूड हातात धरून चाललेली. मला वाटलं, या घरात काय माझं खरं नाय."

काका गेले तेव्हा तिनं पल्याड ऐन लावला. खरं तर आंबा लावला असता तर लवकर वाढला असता, पण तिला ऐनच हवा होता, कारण ऐनाचा निखारा टिकतो. ऐन वाढतोही सावकाश. पहिले काही उन्हाळे ती ओढ्यातल्या डबक्यातून कळशीनं पाणी घालायची. गुरांनी शेंडा खाल्ला तर बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. पुढं त्याचा बुंधा माझ्या कवेत मावेना आणि साल उन्हाळ्यातल्या भातखाचरासारखी तडकली, तरी काकीचं लक्ष हटलं नाही. दुकानातून परतताना मला थांबवून सांगायची, "माझा ऐन बघून ये रं. बांडगूळ तर नाय ना चढलं?" बांडगूळ दिसलं की मी वर चढून ते काढायचो. तो ऐन तिला का हवाय, हे मला कळत होतं. तिला मला कळतंय हे कळत होतं. आम्ही दोघं बांडगुळाविषयीच बोलायचो.

पावसाच्या तोंडावर ती डोंगरातून शेवळं आणायची. शेवळाची भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो. ती खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतात आणि ती आमच्याकडं पल्याडच्या झाडाचीच. आमच्या ताटातली भाजी, गुरांची दुपारची सावली, ओढ्याच्या डबक्यात वैशाखापर्यंत टिकणारं पाणी आणि शेवटचं लाकूड, सगळं त्या एका तुकड्यातून यायचं. हे कुणी मला शाळेत शिकवलं नाही. शाळेत मी झाडांचे उपयोग या विषयावर निबंध लिहिला होता, त्यात यातलं एक अक्षर नव्हतं.

मग गावानं वरकस विकली. वरकस म्हणजे भातखाचरांच्या वरची उताराची जमीन. तिथं प्रत्येकाचे ऐन होते आणि त्यांच्या टहाळ्यांचा राब व्हायचा, म्हणजे भाताचं बी पेरायच्या आधी ते टहाळे पसरून जमीन भाजायची. नंतर खताची गोणी आली, टहाळे तोडायला माणसं मिळेनात, आणि लोक म्हणायला लागले की त्या खडकाळ जमिनीत आहे काय. ज्यांनी विकली त्यांना मी नावं ठेवणार नाही असं एकदा ठरवलं होतं. ते काही जमलं नाही. ठेवतो. गावात बसून डोंगराकडं पाठ करून सह्या केल्या आणि आता उन्हाळ्यात गावातच सावली शोधत फिरतात.

वरकसीवर बंगल्यांचे प्लॉट पडले. डांबरी रस्त्याला मोठा बोर्ड लागला, 'जंगलाच्या कुशीत तुमचं घर'. बोर्डावर जे झाड काढलंय ते आमच्या तालुक्यात उगवत नाही. जंगलाच्या कुशीत जायला रस्ता रुंद हवा आणि तो रस्ता नेमका पल्याडमधून जाणार होता. कागदावर ती जागा सरकारी पड. पड म्हणजे जिथं काही नाही अशी. माझे आजोबा, आजी, आई, काका, सगळे ज्या लाकडावर गेले ती जागा कागदावर रिकामी होती.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. तालुक्याहून साहेब आले होते. तरुण होते, बोलायला नम्र. त्यांनी रस्त्याचं सांगितलं, कोणती झाडं जाणार ते सांगितलं आणि विचारलं, "या झाडांचा गावाला काही उपयोग आहे का? कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, मी लिहून घेतो."

कुणी बोललं नाही. एकजण तंबाखू मळत राहिला. दुसरा आपल्याच चपलेकडं बघत बसला. सरपंच पंख्याकडं. सगळे मूग गिळून. साहेबांनी पुन्हा विचारलं. हे लोक घाबरट आहेत असं त्यांना वाटलं असेल, किंवा विकले गेलेत असं. तसं काही नव्हतं. प्रत्येकाला उत्तर माहीत होतं आणि ते उत्तर तोंडातून निघालं की आपल्या घरचं माणूस जाणार, या भीतीनं प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप होतं. जी गोष्ट झाडं राखण्यासाठी पाळायची, तीच पाळून ती माणसं तिथं बसल्या बसल्या झाडं घालवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठलो. "साहेब, ती मयताची झाडं आहेत," मी म्हणालो. "आमच्या गावातलं प्रत्येक माणूस त्याच लाकडावर जळलंय. ती तोडली तर पावसाळ्यात माणूस गेल्यावर आम्ही काय करायचं?"

मागं बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारे गृहस्थ उठून चालायला लागले. चुलतभावानं माझा शर्ट धरून ओढला. "खाली बस रं," तो दातांतल्या दातांत म्हणाला, "घरात म्हातारी हाय."

साहेब चांगले होते. त्यांनी माझं ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "यांचं म्हणणं बाकीच्यांना मान्य आहे का? मान्य असेल त्यांनी हात वर करा." हात वर करणं म्हणजे बोलण्यासारखंच झालं. एकही हात वर गेला नाही. माझ्या भावाचासुद्धा नाही. साहेबांनी माझ्याकडं जरा ओशाळून बघितलं आणि पुढचा विषय घेतला. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, आणि याचाही मला राग येतो.

संध्याकाळी काकी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती.

"बोललास म्हनं सभेत."

"बोललो."

तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "आता तू बोललासच, तर मी पन बोलते. माझ्यावर माझ्या ऐनाचंच लाकूड घाला. दुसरं काय मागत नाय मी." मग पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "जेवून जा. वाल केलेत."

फाल्गुनात जेसीबी आला. पल्याड उभं राहायला जितकी वर्षं लागली होती त्याच्या मानानं आडवं व्हायला काहीच वेळ लागला नाही. शेड आधी गेली, तिच्यातलं गेल्या साली रचलेलं लाकूड मातीच्या ढिगाखाली गेलं. चितेचा लोखंडी चौथरा आणि त्यावरचं छप्पर तेवढं राखलं, कारण ते सरकारी खर्चानं झालं होतं. मग मशीनच्या करवतीनं झाडं बुंध्यापासून कापली. आंबे गेले, काकड गेला. काकीचा ऐन पडला तेव्हा मी खालापूरला कुणाच्या तरी पंपाची तार भरत होतो.

संध्याकाळी मी तिथं गेलो तर सगळी राई रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली. ठेकेदाराचा मुकादम खुर्ची टाकून बसला होता. त्यानं आपणहून सांगितलं, "लाकूड पायजे तर घेऊन जा गाववाले. उद्या ट्रक येतोय, तवर तुमचं. मी अडवनार नाय."

हे ऐकून मला बरं वाटलं होतं. झाडं गेली ती गेली, पण गावाला कितीतरी वर्षं पुरेल इतकं लाकूड समोर पडलं होतं, आणि काकीचा ऐन त्यात होता. मी पळत भावाकडं गेलो. तो नुसत्या बनियनवर अंगणात बसला होता. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"ठेवायचं कुठं?"

"शेड तर पाडली. माझ्या परसात ठेवू. मी वर पत्रे टाकतो."

"तुझ्या परसात? तुला पोरंबाळं हायत रं." तो इकडंतिकडं बघून हळू आवाजात बोलला. "ज्याच्या दारात ते पडंल त्याच्या घरचं पयलं जाईल. जित्या मानसाच्या घरात ते लाकूड कधी कुनी आनलंय का?"

"आणि काकीचं काय? तिनं मागितलंय."

"आईला आज काय झालंय? ठणठणीत हाय ती," तो चिडून म्हणाला. "तू कशाला तिच्या मरनाची तयारी करतोस?"

मी सगळ्यांच्या दारात गेलो. कुणाच्या म्हशीला बरं नव्हतं, कुणाचा पाहुणा येणार होता, कुणी नुसतीच मान हलवली. उघड्यावर ठेवलं तर वाळवी आणि पाऊस त्याची माती करणार, हे त्यांनाही कळत होतं. पण आपल्या पडवीत, आपल्या मांडवाखाली कुणालाच नको होतं. सकाळी मी कडावहून टेंपो घेऊन निघालो. ड्रायव्हरनं निम्म्या वाटेत विचारलं, कसलं लाकूड आहे? मी खरं सांगितलं. त्यानं टेंपो कडेला घेतला. "आधी सांगायचं ना दादा. मी याच गाडीतनं लग्नाचं सामान नेतो." मला तिथंच उतरवून तो परत गेला.

मी चालत पोचलो आणि एकटाच काकीच्या ऐनाच्या फांद्या ओढायला लागलो. ओला ऐन म्हणजे नुसतं लोखंड. एक फांदी ओढ्यापर्यंत नेईतो छाती भरून आली. तेवढ्यात ट्रक आला. मुकादमानं माझ्याकडं बघून हात पसरले. "तुमच्याच लोकान्ला नको तर मी काय करू?" त्याचं बरोबर होतं. ट्रकवाल्यांनी मी ओढून नेलेली फांदीसुद्धा उचलून वर टाकली.

ट्रक गेल्यावर काकी काठी टेकत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ऐनाच्या बुंध्याचा कापलेला ओला लाल भाग तिनं पाहिला, बोटानं चाचपला. मग खाली बसून करवतीनं उडालेल्या ढलप्या आणि सालीचे तुकडे वेचायला लागली. पदर भरला. ती उठली आणि ओढ्यापर्यंत आली. तिथं थांबली.

"घरात कसं नेऊ रं?" ती म्हणाली.

"ने काकी. मी बघतो कोण काय बोलतं ते."

"नाय."

"मग मी खालापूरला दुकानात ठेवतो."

"तुझ्या दुकानात देवाची तसबीर हाय." ती परत फिरली. त्या ढलप्या तिनं बुंध्यापाशी ओतल्या आणि नीट, मोठ्या तुकड्यांवर लहान तुकडे, अशा रचून ठेवल्या. नवरी असताना सासूनं परत पाठवलेली फांदी तिनं अशीच ठेवली असेल. मी तिच्यावर ओरडलो. झाड कापून नेणाऱ्यांवर ओरडायचं सोडून तिच्यावर. ती माझ्या खांद्याला धरून ओढा उतरली. पुढच्या आठवड्यात त्या जागेवर खडी पडली.

त्या वर्षी शेवळं झाली तेव्हा काकीनं भाजीत चिंच घातली. कुणी तक्रार केली नाही. घसा थोडा खाजला.

गौरी-गणपती होऊन गेल्यावर काकीला ताप आला. कडावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, ताप उतरलाही. मग एका सकाळी ती चहा घेऊन पुन्हा आडवी झाली आणि उठली नाही. बाहेर पाऊस धरला होता, आठवडाभर उघडीप नव्हती.

ओटीवर माणसं जमली आणि आता लाकडाचं काय, हा प्रश्न तोंडावर आला. आधी हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. एकजण म्हणायचा, मी पल्याड जाऊन येतो, आणि उठायचा. आता उठून जायचं कुठं? वखारीतून लाकूड आणायला एकाला पाठवलं, तो सांगत आला की सगळं भिजलेलं आहे, पाणी निथळतंय. घरोघर गॅस आल्यापासून चुलीचं लाकूडही कुणी साठवत नव्हतं. परसातला आंबा तोडू म्हटलं तर ओलं लाकूड जळत नाही, हे लहान पोरालाही कळतं. शहरातल्या गॅसच्या दाहिनीत नेऊ, असं कुणी सुचवलं. भाऊ म्हणाला, "आईला गावाभायेर नाय नेनार." मग कुणीतरी हळूच म्हणालं, चार टायर टाकले आणि डिझेल ओतलं तर होईल. मी त्याच्याकडं बघितलं तसा तो मागं सरकला.

आणि तेव्हाच, पागोळीच्या आत उभ्या असलेल्यांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल अशा बेतानं, "सभेत बोलला ना हा. मग लागलंच ते घराला."

मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. पाय उचलला आणि भावाकडं पाहिलं. त्यानं ते ऐकलं होतं. तो खाली मान घालून उभा राहिला. नाही म्हणाला नाही. एका ताटात जेवलेला माणूस. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि साजगावला त्याच्या कंपनीतल्या कुणाला तरी लावला.

दुपारी टेंपोतून ताडपत्रीखाली पॅलेट आले. परदेशातून यंत्रं येतात ती ज्या लाकडी चौकटींवर ठेवलेली असतात, ते पॅलेट. पिवळट पाइनचं लाकूड, कोरडं ठणठणीत. त्यावर काळ्या शाईचे शिक्के, कुठल्याशा देशाची अक्षरं, आणि वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण. आम्ही पहारीनं ते फोडले. घाई होती, अंधार पडायच्या आत उरकायचं होतं, खिळे काढत बसायला कुणाला वेळ नव्हता. ज्या बाईनं ऐनाला कळशीनं पाणी घातलं तिला आम्ही त्या बाणांवर निजवलं.

पाइन भडकन पेटतो आणि लगेच बसतो. त्याला निखारा धरत नाही. पुन्हा पुन्हा नवे तुकडे टाकावे लागले. वरच्या छपरावर पाऊस वाजत होता आणि समोरच्या नव्या रस्त्यावरून शनिवारच्या गाड्या बंगल्यांकडं चालल्या होत्या. एका गाडीची काच उघडी होती, आत लहान मुलं होती. धूर तिकडं गेला तशी काच वर झाली. जिथं माझी आई जळली होती, तिथं त्या माणसांना माझ्या काकीच्या धुराचा वास सहन झाला नाही. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्यांना मी कधी माफ करणार नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला भाऊ आणि मी गेलो. बाकीचे ओढ्यापाशी थांबले होते. आम्ही राखेवर पाणी शिंपडलं, अस्थी वेचायला मडकं पुढं ठेवलं आणि हात घातले. भावानं हात झटक्यात मागं घेतला. त्याच्या बोटातून रक्त येत होतं. त्यानं राखेतून उचलला तो खिळा होता.

मग दिसायलाच लागले. काळे पडलेले, वाकलेले खिळे, सगळ्या राखेत. हाडांच्या तुकड्यांमध्ये, हाडांना चिकटून. बारीक अस्थी कोणत्या आणि खिळे कोणते ते बोटांनी कळेना. भाऊ एकेक वेचून बाजूला टाकत होता आणि ते संपत नव्हते. मडक्यात घातलेलं परत काढून बघत होता.

मी उठून मोटरसायकलच्या डिकीतून लोहचुंबक आणलं. जुन्या स्पीकरचं ते गोल चुंबक मी कायम जवळ ठेवतो. दुकानात सांडलेले स्क्रू उचलायला लागतं. ते मी राखेवरून फिरवायला लागलो. राखेतून खिळे टुणकन उडून त्याला चिकटायचे. मी ते पुसून काढायचो, पुन्हा फिरवायचो. डोक्याकडून पायांकडं, हळूहळू, जिथं जिथं ती होती तिथं सगळीकडं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी शिव्या देत होतो, कुणाला ते मलाही सांगता येणार नाही. काकीच्या अंगाखांद्यावरून मी लोखंड वेचत होतो, आणि ऐनाचं लाकूड असतं तर तिथं फक्त राख असती.

झाल्यावर खिळ्यांचा ढीग चौथऱ्याच्या कडेला झाला. मी ते रुमालात बांधायला लागलो. गावात नेऊन त्या पागोळीखालच्या माणसापुढं ओतायचे, असं माझ्या मनात होतं. भावानं माझा हात धरला. ओढ्यापाशी थांबलेल्या माणसांकडं एकदा बघितलं.

"गावात बोलू नको रं," तो म्हणाला. "खिळे निघाले ते कुनाला सांगू नको."

मी रुमालाची गाठ मारली आणि डिकीत टाकला. ते खिळे आज दुकानात माझ्या टेबलाच्या खणात आहेत. आणि मी सांगतोय.